मैदान बदललं की फॅनचं काय होतं? नेरूळहून अंधेरीला गेलेल्या मुंबई सिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नवी मुंबईतल्या नेरूळचा. २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची लीग सुरू झाली तेव्हापासून त्यातल्या मुंबई सिटी क्लबच्या मॅच बघतोय, पहिले दोन सीझन घरून चालत जाऊन आणि त्यानंतर तीन गाड्या बदलून. क्लब अंधेरीला जाऊन आता इतकी वर्षं झाली तरी सोसायटीत, ट्रेनमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणी ना कोणी तेच विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. ज्याला जे हवं ते वाचा.

क्लब नक्की कधी आणि कुठून कुठे गेला?

२०१४ आणि २०१५ हे दोन सीझन होम मॅच नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर झाल्या. २०१६ पासून अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात, ज्याला आता सगळे मुंबई फुटबॉल अरिना म्हणतात. मधे कोविडमुळे दोन सीझन अख्खी लीगच गोव्यात झाली ते सोडा, पण घर कुठलं म्हणाल तर तेव्हापासून अंधेरीच.

टीम तीच, जर्सी तीच, मग मैदान बदललं तर एवढं काय वाटून घ्यायचं?

हे मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर देताना मला दरवेळी माझ्या बाबांचं सांगावं लागतं.

बाबा कबड्डी आणि क्रिकेटवाले, फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. १८ ऑक्टोबर २०१४, शनिवार, पुण्याविरुद्ध पहिली होम मॅच, मी निघालो तर ते म्हणाले चल मी पण येतो, जवळच तर आहे, आणि घरातल्या चपला घालूनच निघाले. त्या दिवशी आंद्रे मोरित्झने तीन गोल मारले, आयएसएलच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक, आपण ५-० जिंकलो, आणि बाबा येताना रस्ताभर मला विचारत होते की तो माणूस बॉल यायच्या आधीच तिथे कसा काय उभा असतो. झालं, त्यानंतर ते एकही होम मॅच चुकवायचे नाहीत. सीझनला सात होम मॅच, दोन सीझनच्या चौदा. संध्याकाळी पाच सव्वापाचला निघायचं, आईने पुडीत बांधून दिलेले शेंगदाणे वाटेतच संपवायचे कारण गेटवर कधी काय काढून घेतील सांगता येत नाही, आत पाण्याची बाटली नेता येत नाही म्हणून बाहेरच पोटभर पाणी पिऊन घ्यायचं, आणि येताना मॅच संपल्यावर हजारो लोकांच्या मधून हळूहळू चालत घरी यायचं. त्या चालण्यात बाबा माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढं घरात कधी बोलले नाहीत. आमच्यात तशी पद्धतच नाही बसून गप्पा मारायची. पण मॅचवरून येताना ते त्यांच्या मिलच्या दिवसांचं सांगायचे, गावच्या कबड्डीच्या टीमचं सांगायचे, एकदा तर आजोबांशी भांडून घर सोडलं होतं ते पण सांगितलं.

२०१६ ला क्लब अंधेरीला गेला आणि बाबा एकदाच आले. कुर्ल्याचा जिना चढताना गुडघ्याने साथ सोडली, तरी मॅच पूर्ण बघितली, पण पुढच्या वेळी म्हणाले तू जा, मी टीव्हीवर बघतो. बस एवढंच झालं. कोणाची चूक नाही यात. पण मला कोणी विचारलं मैदान गेलं म्हणजे काय गेलं तर मी सांगतो की वीस मिनिटं जायची आणि वीस मिनिटं यायची गेली.

डी वाय पाटीलला फुटबॉल नीट दिसायचाच नाही म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, आणि मी नेरूळचा असूनही हे कबूल करतो. ते मुळात क्रिकेटचं मैदान, २००८ मध्ये सुरू झालं, पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली होती. क्रिकेटचं मैदान गोल, फुटबॉलचं चौकोनी, त्यामुळे टचलाइन (पिचच्या बाजूची रेघ) आणि पहिली रांग यांच्यामधे भली मोठी मोकळी जागा राहते, गोलच्या मागे बसलात तर विचारूच नका. समोरच्या बाजूला गोल झाला की आम्हाला आधी तिकडच्या स्टँडचा आवाज यायचा आणि मग कळायचं. त्यात मैदान पंचावन्न हजारांचं, वीस हजार लोक आले तरी (आणि ते भारतात क्लब फुटबॉलसाठी खूप आहेत) अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि टीव्हीवर वाटतं कोणी आलंच नाही.

पण चांगलं पण सांगतो ना. वरचं ते पांढरं छप्पर, मधे एकही खांब नाही, कुठेही बसा समोर आडवं काही येत नाही. फ्लडलाइट लागले की आजूबाजूच्या बिल्डिंगच्या गच्चीतून दिसायचं, पोरं खाली ओरडायची लाइट लागल्या लाइट लागल्या. निकोलस अनेल्का, फ्रेडी युंगबर्ग ही नावं आपण टीव्हीवर ऐकलेली, आणि ते आपल्या घराजवळ खेळायला आलेत हे पचायलाच वेळ लागला होता. २०१५ ला सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक मारली, आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूने मारलेली पहिली, ती नेरूळलाच. बाबांनी त्या दिवसापासून छेत्रीला आपला पोरगा म्हणायला सुरुवात केली, तो नंतर बंगळुरूला गेला तरी त्यांचं ते बदललं नाही.

मग अंधेरी चांगलं की वाईट?

फुटबॉल बघायला म्हणून विचारत असाल तर अंधेरी कितीतरी चांगलं. सात-आठ हजारांचं छोटं मैदान, आणि तुम्ही इतके जवळ बसता की खेळाडू एकमेकांना काय ओरडतायत ते ऐकू येतं, टॅकल झालं की बुटाचा आवाज येतो. पाच हजार लोक आले तरी मैदान भरल्यासारखं वाटतं, ढोल वाजला की तो हवेत विरून जात नाही, अंगावर येतो.

मला हे पटलं ते २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. केरळविरुद्ध मॅच होती, दिएगो फोरलान आपल्याकडे होता, त्याने हॅटट्रिक मारली आणि आपण ५-० जिंकलो. नेरूळला पहिली मॅच जिंकलो होतो तोच स्कोर, हे मला मॅच संपायच्या आधी लक्षात आलं आणि मी बाबांना फोन लावला तर त्यांनी उचलल्या उचलल्या तेच सांगितलं. त्या सीझनला आपण लीगमध्ये पहिले आलो, पहिल्यांदाच सेमीफायनलला गेलो, तिथे कोलकात्याकडून हरलो. नेरूळच्या दोन सीझनमध्ये आपण एकदाही पहिल्या चारात आलो नव्हतो हे पण लक्षात ठेवा.

आणि अंधेरीचं बोलायचं तर २०१८ चा जून सोडून चालणार नाही. ती क्लबची मॅच नव्हती, भारताची होती. इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच चायनीज तैपेईविरुद्ध, भारत ५-० जिंकला, छेत्रीने हॅटट्रिक मारली पण स्टँड रिकामे होते, तेव्हा त्याने तो व्हिडिओ टाकला होता, या, आम्हाला शिव्या द्या पण मैदानात या म्हणून. पुढची मॅच केनियाविरुद्ध ४ जूनला, त्याची भारतासाठी शंभरावी, सगळी तिकिटं संपलेली आणि पाऊस असा की पलीकडचा गोलपोस्ट धूसर दिसत होता. कोणी उठलं नाही. छत्र्या आत नेता येत नव्हत्या, लोक नुसते भिजत होते आणि नाचत होते. ३-० जिंकलो. मी त्या रात्री ओल्या कपड्यात घरी गेलो, चार दिवस ताप आला, आणि तेव्हापासून अंधेरीला मी परकं मैदान म्हणायचं बंद केलं.

पण मुळात मुंबईचा क्लब नवी मुंबईत खेळत होता तेच चुकीचं नव्हतं का? आयलँडर्स म्हणता आणि खाडी ओलांडून येता?

हा प्रश्न दादर-बोरिवलीकडची मंडळी विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. टोपणनाव आयलँडर्स, मुंबईच्या सात बेटांवरून, आणि नेरूळ त्या सात बेटांत नाही ते नाहीच. आम्ही चालत जायचो तेव्हा बोरिवलीचा माणूस दोन तास घालवून यायचा आणि मॅच संपल्यावर शेवटच्या गाडीच्या चिंतेत ऐंशीव्या मिनिटाला उठायचा. तेव्हा आम्हाला राग यायचा, की अरे मॅच संपली नाही आणि हे निघाले. आता मी अंधेरीला ऐंशीव्या मिनिटाला घड्याळ बघतो तेव्हा मला ते सगळे चेहरे आठवतात, आणि तेव्हा मनातल्या मनात जे बोललो त्याचं वाईट वाटतं.

म्हणजे मैदान कुठेही न्या, कोणाचं तरी घर जवळ येणार आणि कोणाचं तरी लांब जाणार. मला एवढंच म्हणायचंय की ज्याचं लांब गेलं त्याला वाईट वाटू दे, त्याला लगेच समजावायला जाऊ नका.

ठाण्याच्या लोकांचं काय?

ठाणेकरांना खरं तर फायदाच झाला. आधी ट्रान्सहार्बर लाइनच्या लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत नेरूळला यावं लागायचं, आता स्लो ट्रेनने सरळ घाटकोपर आणि तिथून मेट्रो. माझा एक मित्र कळव्याचा, आम्ही दोघं नेरूळच्या स्टँडमध्येच भेटलेलो, तो आधी माझ्याकडे चहाला थांबून मग मैदानात यायचा. आता आम्ही घाटकोपरच्या मेट्रोच्या तिकीट खिडकीजवळ भेटतो.

नेरूळ, बेलापूर, पनवेलहून अंधेरीला जायचं कसं?

हार्बर लाइनच्या लोकलने कुर्ला, पूल चढून सेंट्रलच्या स्लो प्लॅटफॉर्मवर, मधे फक्त विद्याविहार आणि मग घाटकोपर. घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत बसा, आझाद नगरला उतरा, तिथून मैदान चालत. डी एन नगर पुढचं स्टेशन आहे, चुकून तिथे उतरलात तरी काही बिघडत नाही, थोडं मागे चालायचं. वीकडेला साडेसातची मॅच असेल तर ऑफिसातून पाचलाच निघा, कुर्ल्याला संध्याकाळी सहानंतर पूल चढायलाच दहा मिनिटं जातात. हार्बरची थेट अंधेरीची गाडी पण असते, वेळ जुळली तर बेस्ट, गुडघे दुखणाऱ्यांना तीच घ्या, वडाळ्याकडून फिरून जाते पण एकदा बसलात की बसलात. येताना मात्र पनवेलवाल्यांनी आधीच गाडीची वेळ बघून ठेवा, जादा वेळेत गोल होईल म्हणून थांबलात तर कुर्ल्याला बाकड्यावर बसावं लागतं, मी बसलोय.

बाहेर इंग्लंडबिंग्लंडमध्ये पण लोकांना असं वाटतं का, की आपणच भावनिक?

त्यांना तर आपल्यापेक्षा जास्त वाटतं, कारण त्यांच्याकडे एका मैदानावर पणजोबापासून पोरापर्यंत चार पिढ्या बसलेल्या असतात. इंग्लंडचा एव्हर्टन क्लब बघा, गुडिसन पार्कवर १८९२ पासून खेळत होते. १८ मे २०२५ ला पुरुषांच्या टीमची तिथली शेवटची मॅच झाली, साउदॅम्प्टनला २-० हरवलं, आणि मग ते नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या बावन्न हजारांच्या नव्या स्टेडियमवर गेले. गुडिसनच्या मैदानाच्या कडेला कित्येक फॅनच्या अस्थी पुरलेल्या आहेत, घरच्यांनीच आणून पुरलेल्या. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. चांगली गोष्ट ही की जुनं मैदान पाडलं नाही, एव्हर्टनच्या महिला टीमला दिलं. मला वाटतं याच्याहून चांगला निर्णय कुठल्याच क्लबने घेतलेला नाही, कारण ज्याला आपल्या माणसाला भेटायला जायचंय तो अजून जाऊ शकतो.

लंडनच्या वेस्ट हॅम क्लबचं आपल्या बरोबर उलटं झालं, आणि वर्ष पण तेच, २०१६. ते अप्टन पार्कच्या छोट्या जवळच्या मैदानावरून २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मोठ्या स्टेडियमवर गेले, जिथे पिच स्टँडपासून लांब. म्हणजे आपण डी वाय पाटीलमधून अंधेरीला आलो, ते अंधेरीतून डी वाय पाटीलला गेले म्हणा. २०१८ ला बर्नलीविरुद्ध ०-३ हरताना फॅन मैदानात उतरले होते, राग हरल्याचा होताच पण दोन वर्षं साठलेला पण होता. इटलीत युव्हेंटसने हे बघून घेतलं होतं, त्यांचं देल्ले आल्पी १९९० च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं, मोठं, मधे धावायचा ट्रॅक, लोक बसायलाच तयार नसायचे, शेवटी पाडून त्याच जागी २०११ ला एक्केचाळीस हजारांचं बांधलं, आधीपेक्षा बरंच लहान. मोठं मैदान म्हणजे मोठा क्लब हे गणित कधीच नव्हतं.

लंडनचंच आर्सेनल २००६ मध्ये हायबरीहून एमिरेट्सला गेलं, अडतीस हजारांवरून साठ हजारांवर, आणि अगदी जवळच, चालत जाण्याइतकं. जुन्या हायबरीच्या जागी आता फ्लॅट आहेत, स्टँडच्या जुन्या भिंती ठेवून आत घरं केलीत.

आणि विम्बल्डन. त्यांचा क्लब २००३ ला लंडन सोडून थेट मिल्टन कीन्स नावाच्या दुसऱ्याच शहरात नेला. फॅन म्हणाले हा आमचा क्लब नाही, त्यांनी २००२ मध्येच, म्हणजे निर्णय झाल्या झाल्या, स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, एकदम खालच्या लीगपासून सुरुवात करून वर आले आणि २०२० ला प्लाऊ लेनला, आपल्या जुन्या गल्लीत परत मैदान बांधून खेळायला लागले. नेरूळ ते अंधेरी हे काही तसं नाही, ते मी कोणालाच म्हणणार नाही. आपण एकाच लोकलच्या जाळ्यात आहोत.

मुंबईत हे पहिल्यांदाच झालं का?

छे. मुंबई एफसी आठवतो का कोणाला, आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमधला, ज्याचे कोच खूप वर्षं खालिद जमील होते? त्यांना मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं म्हणून होम मॅच पुण्यात बालेवाडीला खेळाव्या लागल्या होत्या. होम मॅचला एक्स्प्रेस हायवे ओलांडून जायचं. नंतर परत आले, पण २०१७ ला खाली घसरले आणि मग क्लबच राहिला नाही. मुंबई सिटीने पण २०२३ ला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) होम मॅच बालेवाडीलाच खेळल्या, सौदीचा अल हिलाल आला होता, लोक त्यांच्या नेमारसाठी तिकिटं काढून बसले आणि तो आधीच्या महिन्यात जखमी झाला. मी गेलो होतो. ०-२ हरलो. नेरूळकराला बालेवाडी अंधेरीपेक्षा जड वाटलं नाही, पनवेलवरून सरळ हायवे, हा एक दिवस आम्ही बोरिवलीकरांपेक्षा आधी घरी पोचलो.

वाईट वाटणं किती दिवस राहतं?

मला दोन सीझन लागले. कळव्याच्या मित्राला एक मॅच.

क्लबने फॅनसाठी काय करायला हवं असं तुला वाटतं?

नेरूळला परत या असं मी म्हणत नाही, आणि वर्षातून एखादी मॅच तिकडे खेळा असं पण नाही, पुन्हा त्या रिकाम्या खुर्च्या बघायच्या नाहीत मला. कुठलाही क्लब मैदान बदलत असेल तर तीन गोष्टी कराव्यात. शेवटची मॅच ही शेवटची आहे हे आधी सांगावं, म्हणजे माणूस आपल्या माणसाला घेऊन येतो, नीट बघून घेतो. नेरूळची शेवटची मॅच आम्ही बाकीच्यांसारखीच बघितली, आम्हाला माहीतच नव्हतं की ही शेवटची, बाबा तर त्या दिवशी सर्दी झाली म्हणून अर्ध्यात उठले होते. दुसरं, मॅचची वेळ ठरवताना टीव्हीइतकाच शेवटच्या गाडीचा विचार करावा. तिसरं, जिथून निघालात तिथल्या शाळांमध्ये जात राहावं, ट्रेनिंग सेशन घ्यावं, खेळाडू पाठवावेत. नवी मुंबईत सेक्टरासेक्टरात मैदानं आहेत, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतायत, पण त्यांच्या अंगात मँचेस्टर आणि माद्रिदच्या जर्सी. २०१४ ला माझ्या सोसायटीतल्या नऊ पोरांकडे मुंबई सिटीची जर्सी होती, मी मोजलेली.

मी नवी मुंबईत राहतो, आता सपोर्ट करून काय उपयोग?

भावा, २०२१ च्या मार्चमध्ये गोव्यात रिकाम्या मैदानात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून आपल्याला पहिला कप दिला, तेव्हा कोणाच्याच घराजवळ मैदान नव्हतं. अंधेरीवाला पण टीव्हीसमोर आणि मी पण. आमच्या मजल्यावर आम्ही एकटेच ओरडत होतो आणि शेजारचे काका दार उघडून बघायला आले की काय झालं.

डी वाय पाटीलला अजून जातोस का?

जातो की. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपच्या मॅच तिथे झाल्या, सेमीफायनलला स्पेनने मालीला ३-१ हरवलं. २०२२ ला पोरींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल पण तिथेच झाली, स्पेन आणि कोलंबिया. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तो पण याच मैदानात, तिकीट मिळालं नाही पण रात्री उशिरापर्यंत फटाके चालले होते, गच्चीतून लाइट दिसत होत्या.

बाबा अजून मॅच बघतात का?

सगळ्या. मी अंधेरीहून येताना कुर्ल्याला हार्बरच्या गाडीत बसायला मिळालं की फोन करतो, तोपर्यंत त्यांचे हायलाइट्स दोनदा बघून झालेले असतात. कुर्ला ते नेरूळ अर्धा तास धरा, वाशीच्या खाडीवर रेंज जाते, मग ते परत लावतात. गेल्या वेळी मानखुर्द येईपर्यंत गोलकीपरने पुढे यायला पाहिजे होतं की नाही यावर भांडत होतो, आणि मग मधेच म्हणाले की जेवण झाकून ठेवलंय, आईला उठवू नकोस, आणि तो दुसरा गोल तुला तिथून नीट दिसला का ते आधी सांग.